शपथ मोडली, आता पुढचा एक तास काय करायचं? (व्यसन आणि डीबीटी)

(हे एपिसोडचं शब्दांकन आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी. बोलण्याची भाषा मुद्दामच तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय व्यसन सोडण्याचा आहे. थांबा, लगेच पुढे ढकलू नका. "दारू वाईट, सिगारेट वाईट" हे मी सांगणार नाहीये. ते तुम्हाला शाळेपासून माहितीये आणि जो पितो त्याला तर सगळ्यात जास्त माहितीये. आज आपण एका अगदी छोट्या जागेबद्दल बोलणार आहोत. माणसाने सोडलेली असते, बरेच दिवस नीट गेलेले असतात आणि एके दिवशी पुन्हा घेतली जाते. ती रात्र, आणि तिच्यानंतरची सकाळ. आजचा पूर्ण एपिसोड तेवढ्यावर.

आपल्याकडे व्यसन सोडायची सगळ्यात जुनी पद्धत कोणती? शपथ. आईच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली, देवासमोर घेतलेली, नाहीतर गळ्यात माळ घालून घेतलेली. मी याची टिंगल करत नाहीये हां. माळ घातली आणि दारू कायमची सुटली, अशी माणसं तुमच्याही गावात असतील. शपथेत ताकद असते. पण तिच्यात एक गोष्ट कधीच सांगितलेली नसते. मोडली, तर काय करायचं?

समजा, एक मुलगा आहे. पंचविशीतला, नोकरी करणारा. दारू सोडून ४० दिवस झालेत. एक्केचाळिसाव्या दिवशी मित्राच्या हळदीला एक पेग घेतला जातो. आता त्याच्या डोक्यात काय वाक्य येतं? "गेली शपथ. आता एक काय नि पाच काय." मग एकाचे पाच होतात. दुसऱ्या दिवशी तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून पुन्हा. आठवडा जातो, महिना जातो. नीट बघितलं तर पहिल्या पेगाने केलेलं नुकसान थोडं होतं. खरं नुकसान केलं त्या एका वाक्याने.

आपली गटारीसुद्धा याच हिशोबावर चालते ना? उद्यापासून श्रावण, उद्यापासून बंद, म्हणून आज गळ्यापर्यंत. एकतर पूर्ण बंद, नाहीतर पूर्ण चालू. मधलं काही नाहीच.

या वाक्याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत सिॲटलला वॉशिंग्टन विद्यापीठात ॲलन मार्लाट नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. व्यसन सुटल्यावर माणूस पुन्हा तिकडे का वळतो, याच्यावर त्यांनी आयुष्यभर काम केलं. १९८५ साली त्यांचं या विषयावरचं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं: एकदा घसरणं वेगळं आणि पुन्हा पूर्ण व्यसनात जाणं वेगळं. या दोन्हींच्या मध्ये एक पायरी आहे. घसरल्यावर माणूस स्वतःला काय सांगतो, ती ही पायरी. "मी अमुक ठिकाणी चुकलो" असं सांगितलं तर तो थांबू शकतो. "माझ्यातच खोट आहे, मी असाच" असं सांगितलं, तर थांबायचं कारणच संपतं.

डीबीटी म्हणजे खात्यात येणारे पैसे नव्हेत

आता त्याच विद्यापीठातल्या दुसऱ्या एका बाईंकडे जाऊ. मार्शा लिनेहान. त्यांनी जी उपचारपद्धत बसवली तिचं नाव डायलेक्टिकल बिहेव्हिअर थेरपी, डीबीटी. आपल्याकडे डीबीटी म्हटलं की सरकारी योजनेचे पैसे खात्यात जमा झाले का, हेच आधी आठवतं. ते वेगळं. हे वेगळं.

लिनेहानबाईंची स्वतःची गोष्ट फार विलक्षण आहे. १९६१ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांना अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या एका मनोरुग्णालयात भरती केलं होतं. स्वतःला जखमा करून घ्यायच्या, मरून जावंसं वाटायचं. दोन वर्षांहून जास्त काळ त्या तिथे होत्या. पुढे शिकून त्या स्वतःच मानसशास्त्रज्ञ झाल्या आणि आपण जिथून बाहेर पडलो तिथल्या लोकांसाठी काम करायचं ठरवलं. ही गोष्ट त्यांनी जगासमोर मांडली २०११ साली, त्याच हॉस्पिटलमध्ये उभं राहून. तोपर्यंत त्यांची थेरपी जगभर पोहोचली होती.

त्यांच्यासमोर अडचण काय होती बघा. सतत आत्महत्येच्या काठावर असलेल्या बायका त्यांच्याकडे यायच्या. "तुला हे बदलावं लागेल, ते बदलावं लागेल" असं सांगितलं की त्या बिथरायच्या. "म्हणजे चूक माझीच का?" मग लिनेहानबाईंनी उलट करून पाहिलं. नुसतं ऐकायचं, समजून घ्यायचं. तर त्या म्हणायच्या, "मी इथे मरतेय आणि तुम्ही नुसत्या माना हलवताय?" दोन्ही बाजू बरोबर होत्या. मग त्यांनी दोन्ही एकत्र आणल्या. तू आत्ता जशी आहेस तशी मला मान्य आहेस, आणि तुला बदलावंही लागेल. स्वीकाराची बाजू त्या झेन ध्यानातून शिकल्या. बदलाची बाजू वर्तनाच्या शास्त्रातून आली. डायलेक्टिकल म्हणजे एवढंच. एकमेकांना काटणाऱ्या वाटणाऱ्या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या धरायच्या.

ही थेरपी मुळात बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर असलेल्या लोकांसाठी होती. ज्यांच्या भावना फार जोरात येतात, लवकर ओसरत नाहीत आणि माणूस त्या भरात स्वतःचं नुकसान करून घेतो, असे लोक. १९९३ मध्ये तिचं मुख्य पुस्तक आलं. यातल्या बऱ्याच जणांना नशेचंही व्यसन असतं. ते का, हे कळायला अवघड नाही. आतली आग विझत नसेल तर हाताला लागेल ते तिच्यावर ओततो माणूस. म्हणून मग नव्वदच्या दशकात लिनेहानबाई आणि त्यांच्या टीमने व्यसनासाठी डीबीटीची वेगळी मांडणी केली.

शंभर टक्के बंद, आणि पडलास तरी हरकत नाही?

आता आजचा मुख्य मुद्दा. इंग्रजी नाव आहे डायलेक्टिकल ॲब्स्टिनन्स. त्यात दोन वाक्यं आहेत.

पहिलं वाक्य: मी पूर्ण सोडणार. फक्त शनिवारी, फक्त बिअर, फक्त लग्नात, असलं काही नाही. पूर्ण.

दुसरं वाक्य: मी घसरलोच, तर मी लगेच उठणार, कमीत कमी नुकसानात उठणार आणि त्याची तयारी मी आधीच करून ठेवणार.

आता तुम्ही म्हणाल, हे तर पळवाट ठेवल्यासारखं झालं. आधीच "पडलो तर" म्हटलं तर माणूस पडणारच ना? रास्त शंका आहे. डीबीटीवाल्यांनाही हे माहीत होतं. फक्त "घसरलास तरी चालेल" एवढंच शिकवलं, तर माणूस लवकर घसरतो. फक्त "पूर्ण बंद" एवढंच शिकवलं तर पहिली घसरण उशिरा होते, पण झाली की माणूस खोल जातो. म्हणून दोन्ही लागतात. पण वेळा वेगळ्या. जोपर्यंत घेतलेली नाही, तोपर्यंत फक्त पहिलं वाक्य. घेतली गेली, की त्या क्षणापासून दुसरं. आणि उठून उभं राहिलं की परत पहिलं.

दहीहंडी डोळ्यासमोर आणा. पथक थर लावतं ते हंडी फोडायलाच. "बघू, पडलो तर पडलो" म्हणून कोणी वर चढत नाही. पण वरच्या छोट्या गोविंदाला दोर बांधलेला असतो, डोक्यावर हेल्मेट असतं, खाली झेलायला माणसं उभी असतात. आणि थर कोसळला तर? पथक रडत घरी जात नाही. श्वास घेतात, कुठल्या थरात खांदा हलला ते बघतात, माणूस बदलतात, पुन्हा लावतात. दोर बांधला म्हणून हंडी फोडायची इच्छा कमी होते का? नाही ना. तेच हे.

तीन मनं

डीबीटीत व्यसनाबद्दल बोलताना मनाच्या तीन अवस्था सांगतात. मी त्यांना माझी मराठी नावं दिलीयेत.

एक, व्यसनी मन. याला फक्त माल हवा असतो. त्यासाठी खोटं बोलणं, उसने पैसे घेणं, सगळं चालतं.

दुसरं, निर्धास्त मन. हे जास्त फसवं आहे. काही आठवडे नीट गेलेत, चेहऱ्यावर तेज आलंय, घरचे खूश आहेत. आणि मन म्हणतं, "झालं की! आता मला काही होत नाही. मी बारमध्ये बसून सोडा पिऊ शकतो." यात माणूस नशेत नसतो. पण सावधही नसतो.

तिसरं, निवळलेलं मन. गढूळ पाणी थोडा वेळ ठेवलं की गाळ खाली बसतो. पाणी स्वच्छ दिसतं, पण गाळ तळाशी आहे हे आपल्याला माहीत असतं. मी आज सोबर आहे, आणि तलफ कधीही येऊ शकते, हे एकाच वेळी लक्षात ठेवणारं मन. तिथे राहायला शिकायचं.

तलफ आली तर

तलफ आली की ती वाढतच जाणार, घेतल्याशिवाय थांबणारच नाही, असं वाटतं. प्रत्यक्षात ती लाटेसारखी असते. चढते, टोकाला जाते, ओसरते. मार्लाट यांनी याला लाटेवर स्वार होणं म्हटलं. लाटेशी मारामारी करायची नाही. ती कुठे जाणवतेय ते बघत राहायचं. घसा कोरडा पडलाय, छातीत ओढ आहे, हात चुळबुळतोय. "आत्ता ही दहापैकी आठ आहे. आता सात." बघता बघता ती उतरते.

हे बोलायला सोपं आहे, मला माहितीये. म्हणून तोवर हाताशी धरायला काही गोष्टी.

गार पाणी. टोपात गार पाणी घ्या, श्वास रोखून चेहरा त्यात बुडवा, साधारण अर्धा मिनिट. डोळ्यांभोवती आणि गालांना पाणी लागलं पाहिजे. शरीराला वाटतं आपण पाण्याखाली गेलो आणि हृदयाचे ठोके आपोआप मंदावतात. डोक्यातलं वादळ थोडं बसतं. मात्र हृदयाचा काही त्रास असेल, बीपीच्या गोळ्या चालू असतील किंवा खाण्यासंबंधीचा आजार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका.

श्वास. आत घ्यायला चार आकडे, बाहेर सोडायला सहा. सोडणं लांब हवं. चार-पाच मिनिटं.

पाय. चार मजले जिना चढा-उतरा. दमछाक झाली पाहिजे.

आणि एक गंमतशीर युक्ती आहे, हट्टाने नाकारणं. तलफ आली की मनाला ठामपणे सांगायचं, "मला दारू नकोय, मला चिक्की हवीये." आणि खरंच चिक्की खायची. मनाशी वाद घालायचा नाही, तो वाद आपण हरतो. फक्त पाच मिनिटं पुढे ढकलायचं. पाच झाली की अजून पाच. "आयुष्यभर नाही" हे फार मोठं ओझं आहे. पाच मिनिटं कोणालाही उचलता येतात.

याच्याही आधीचं एक काम आहे: पूल जाळणं. ज्या रस्त्याने नशा घरात येते, तो रस्ताच बंद करायचा. माल देणाऱ्याचा नंबर डिलीट आणि ब्लॉक. दारू घरपोच देणारा नंबर असेल, तोही. "आज बसायचं का" एवढ्याचसाठी असलेला व्हॉट्सॲप ग्रुप सोडायचा. म्यूट नाही, सोडायचा. कपाटातला चिलीम, पेपर, ग्लास बाहेर. पगाराच्या दिवशी खात्यातले जास्तीचे पैसे ताईकडे किंवा बाबांकडे. आणि आपण सोडली आहे, हे लोकांना सांगून टाकायचं. न सांगणं हाही एक पूलच असतो. गुपचूप परत जायला उपयोगी पडतो तो.

घसरल्यानंतरचा पहिला तास

आता परत त्या मुलाकडे. हळदीचा कार्यक्रम, पहिला पेग संपलाय. दुसरं वाक्य आता सुरू होतं.

पहिली गोष्ट, ती जागा सोडायची. ग्लास अर्धा असला तरी ठेवायचा. "जेवण करून निघतो" नाही. आत्ता निघायचं. आणि प्यायलेल्या अवस्थेत गाडी चालवायची नाही, रिक्षा करा किंवा कोणाला तरी बोलवा.

दुसरी, एक फोन. कोणाला करायचा हे आधीच ठरलेलं हवं. डीबीटीत थेरपिस्टला दोन सेशनच्या मध्ये फोन करता येतो, ती त्या उपचाराचीच एक बाजू आहे. थेरपिस्ट नसेल तर मित्र, बहीण, व्यसनमुक्तीच्या ग्रुपमधला कोणी. वाक्यही ठरलेलं हवं, कारण त्या वेळी सुचत नाही. "मी घेतली. एक झालीये. मला पुढची घ्यायची नाहीये. माझ्याशी बोल." बस.

तिसरी, झोपायच्या आधी पाणी, थोडं जेवण. उपाशी आणि लाजेने भरलेला माणूस पुन्हा बाटलीकडेच जातो.

इथे एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. नशा गर्दची किंवा तशा प्रकारच्या दुसऱ्या कशाची असेल, तर काही दिवस बंद ठेवल्यावर शरीराची सहन करायची ताकद कमी झालेली असते. जुन्या मापात परत घेतली, तर श्वास बंद पडून जीव जाऊ शकतो. सोडल्यानंतरची घसरण या व्यसनात सगळ्यात धोक्याची असते. माणूस हलवून उठत नसेल, श्वास मंद होत असेल, ओठ निळे पडत असतील तर घरच्यांना काय वाटेल याचा विचार न करता १०८ ला फोन करा.

दुसऱ्या दिवशीची सकाळ

सकाळी डोकं जड, आणि पहिला विचार काय? "मी नालायक आहे." इथे स्वीकाराची बाजू कामाला येते. "काल मी प्यायलो. हे घडलंय." एवढंच. ते बरं झालं असं म्हणायचं नाहीये. घडलंच नाही असंही नाही. आणि त्याच्यापुढे विशेषणं लावायची नाहीत. नालायक म्हटल्याने कालची रात्र परत येत नाही, आजची मात्र हातातून जाते.

मग कागद घ्यायचा आणि साखळी मांडायची. डीबीटीतलं हे फार महत्त्वाचं काम आहे. घसरण एका क्षणात होत नाही, तिच्यामागे कड्या असतात. त्या मुलाची साखळी मांडून बघू.

आदल्या रात्री मोबाइल बघत चारच तास झोप. दुपारी मीटिंगमुळे जेवण नाही. चार वाजता सगळ्यांसमोर मॅनेजर बोलला, आतून अपमान, पण कोणाला काही सांगितलं नाही. संध्याकाळी घरातून निघताना ठरवलं, "गाडी नको, तिथे पार्किंगचा त्रास असतो, रिक्षाने जाऊ." थांबा. ही कडी बघा. रोज गाडीने फिरणारा माणूस आज गाडी का ठेवतो? पार्किंगचं कारण खोटं नव्हतं, पण त्याच्याखाली दुसरं काहीतरी बसलं होतं. वरवर काहीच संबंध नसलेले असे छोटे निर्णय हीच खरी वळणं असतात. मग तिथे पोचल्यावर गच्चीवर, जिथे बाटल्या होत्या, तिथेच खुर्ची. मग एक जण म्हणाला, "भावा, आज तरी! मित्राची हळद आहे!" मग निर्धास्त मन म्हणालं, "चाळीस दिवस झालेत, एकाने काय होतंय." मग पेग.

किती कड्या झाल्या? आठ. पेग ही शेवटची. शेवटची कडी तोडायला सगळ्यात जास्त जोर लागतो. पहिल्या कड्या स्वस्तात तुटतात. पुढच्या वेळी निघायच्या आधी पोटभर जेवण. अपमानाबद्दल एका माणसाशी बोलणं. गाडी घेऊन जाणं. न पिणाऱ्या मित्राशेजारी बसणं. साडेनऊला निघणं. आणि "आज तरी"ला उत्तर तयार: "नाही रे, मी सोडलीये. मला थम्सअप दे." तो परत म्हणेल. आपणही तेच वाक्य, त्याच आवाजात. तिसऱ्यांदा म्हणेल, तिसऱ्यांदाही तेच. "गोळ्या चालू आहेत" वगैरे कारणं देऊ नका. गोळ्यांचा कोर्स संपतो, मग पुढच्या लग्नात काय सांगणार?

शेवटचं काम, भरपाई. कोणाला शिवी दिली असेल तर माफी. कोणाचे पैसे घेतले असतील तर परत. आणि मग नव्या शपथेचे मोठे सोहळे न करता आजचा दिवस.

रोज रात्री दोन मिनिटं मोबाइलच्या नोट्समध्ये एवढंच लिहा: आज तलफ ० ते ५ मध्ये किती होती, घेतली का, कुठली युक्ती वापरली. डीबीटीत याला डायरी कार्ड म्हणतात. महिन्याभरात तुम्हालाच तुमचे वार आणि वेळा दिसायला लागतील.

घरच्यांसाठी

ऐकणाऱ्यांमध्ये व्यसन असलेल्या माणसाची बहीण, बायको, मैत्रीण, आईसुद्धा असेल. ताई, तुमच्यासाठी दोन शब्द. तो घसरला आणि त्याने स्वतःहून सांगितलं, तर पहिलं वाक्य "मला माहीतच होतं" हे नको. त्या वाक्याने तो पुढच्या वेळी सांगायचं थांबवतो, प्यायचं थांबवत नाही. "सांगितलंस ते बरं केलंस. आता पुढे काय करायचं?" एवढं पुरे. पण समजून घेणं म्हणजे पांघरूण घालणं नव्हे. त्याची उधारी फेडू नका, ऑफिसला "ताप आलाय" असा फोन तुम्ही करू नका. माया आणि सीमा, दोन्ही एकत्र. तुमचीही डायलेक्टिक्स हीच. आणि घरात मारहाण होत असेल, तर आधी तुमची सुरक्षितता. थेरपीचे शब्द नंतर.

हे कितपत चालतं?

प्रामाणिकपणे सांगतो. डीबीटी जादू नाही. व्यसनासाठी तिचे सुरुवातीचे अभ्यास छोटे होते आणि बॉर्डरलाइनचा त्रास असलेल्या महिलांवर होते. २००२ साली आलेल्या एका अभ्यासात हेरॉइनचं व्यसन असलेल्या २३ महिला होत्या. सगळ्यांना औषध चालू होतं. काहींना डीबीटी दिली, बाकीच्यांना बारा पायऱ्यांचा कार्यक्रम आणि समजून घेणारी थेरपी. नशा दोन्ही गटांत कमी झाली. वर्षाच्या शेवटच्या चार महिन्यांत दुसऱ्या गटात ती पुन्हा वाढायला लागली, डीबीटीवाल्या टिकून राहिल्या. पण गंमत बघा, दुसऱ्या गटातली एकही बाई उपचार सोडून गेली नाही. डीबीटीतून मात्र एक तृतीयांशाहून जास्त गेल्या.

म्हणूनच व्यसनासाठीच्या डीबीटीत एक वेगळी शिस्त आहे. अशा पेशंटना तिथे फुलपाखरं म्हणतात, हातावर बसतात आणि उडून जातात. आला नाही तर थेरपिस्ट वाट बघत बसत नाही. फोन करतो, मेसेज करतो, शोधतो. मला त्या पूर्ण पद्धतीतलं हे सगळ्यात माणुसकीचं वाटतं.

पूर्ण डीबीटी म्हणजे आठवड्याला एक व्यक्तिगत सेशन, आठवड्याला एक कौशल्यांचा गट, मधे फोनवर मदत आणि थेरपिस्टची आपसांतली टीम, साधारण वर्षभर. आपल्याकडे असं सगळं एका जागी मिळणं अवघड आहे. पण यातली कौशल्यं शिकवणारे कौन्सेलर आहेत, विचारा. आणि ज्यांना डीबीटी मिळाली नाही त्यांनी थांबून राहू नये. औषधं आहेत, अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंग आहेत, डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेलं मुक्तांगण आहे, सरकारी हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग आहे. फोनवर सुरुवात करायची तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली मानस १४४१६. दोन्ही फुकट.

आणि एक इशारा. रोज भरपूर पिणाऱ्याने हा एपिसोड ऐकून उद्या सकाळी एकदम दारू बंद करू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा. हात थरथरणं, घाम, झोप न लागणं ही लक्षणं आधी कधी झाली असतील तर नक्कीच.

आज एकच काम करा. मोबाइलमध्ये एक नोट उघडा. वर लिहा, "मी पूर्ण सोडणार." खाली लिहा, "घसरलो तर या माणसाला फोन," आणि नंबर. त्या माणसाला आजच सांगून ठेवा की असा फोन येऊ शकतो. ज्याचं स्वतःचं व्यसन नाही, त्याने कोणाच्या तरी नोटमधला तो नंबर व्हायची तयारी ठेवावी.

हा एपिसोड ज्याला पाठवावासा वाटतोय, त्याला पाठवा. सोबत उपदेश नको, नुसती लिंक. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या, मंडळी.